कम्प्युटर म्हणतो ६०, कपाटात ८

प्रश्न: मी हॉस्पिटलच्या औषधांच्या स्टोअरला आहे. एक इंजेक्शन कम्प्युटरवर ६० दिसतं आणि कपाट उघडलं की ८. दुसरीकडे दर महिन्याला एक्स्पायर्ड मालाचे खोके निघतातच. मॅनेजमेंट म्हणतं जास्त मागवू नका, डॉक्टर म्हणतात संपू देऊ नका. काय करू?

उत्तर: आधी ते ५२ कुठे गेले ते शोधा. चोरी असेलच असं नाही. रात्री घाईत माल दिला, एंट्री सकाळी करू म्हटलं आणि राहून गेली, हे बहुतेक स्टोअरमध्ये चालतं. मग वॉर्डात जाऊन ड्रॉवर उघडा. एकदा औषध वेळेवर मिळालं नाही की सिस्टर पुढच्या इंडेंटला, म्हणजे स्टोअरकडच्या मागणीच्या चिठ्ठीत, १० च्या जागी ३० लिहितात, आणि त्यांचं तरी काय चुकलं, पेशंट समोर तडफडत असताना स्टोअरवाल्याला कोण शोधत बसणार! पण तोच जादा माल तिथे पडून एक्स्पायर होतो आणि तुम्ही इकडे नवा मागवत बसता. आठवड्यातून एकदा वॉर्डचा जादा माल परत घ्या, आणि वर्षाअखेरच्या मोजणीची वाट बघू नका, रोज पाच-सहा आयटम मोजा.

मागवायचं अंदाजाने नाही. रोजचा खप २०, माल यायला ७ दिवस म्हणजे १४०, त्यावर गाडी ३ दिवस लेट झाली तर म्हणून ६०, म्हणजे शिल्लक २०० पर्यंत उतरली की ऑर्डर गेलीच पाहिजे. मॅनेजमेंटला हाच हिशोब दाखवा. कात्री लावायचीच तर महागड्या आणि पडून राहणाऱ्या आयटमला लावा, अ‍ॅड्रेनालिनसारख्या स्वस्त पण जीव वाचवणाऱ्या औषधाला अजिबात नाही.

आधी आलेला माल आधी द्यायचा असं सगळे सांगतात, ते अर्धंच बरोबर आहे. कधीकधी नव्या खोक्याची एक्स्पायरी जुन्याच्या आधीची असते, म्हणून तारीख बघूनच पुढे-मागे लावा. फ्रिज २ ते ८ डिग्री, आणि इन्सुलिन बर्फाच्या कप्प्याला चिकटवून ठेवू नका, गोठलं की परत पातळ झालं तरी वापरायचं नाही.

हो, आणि पाकिटावर नुसता महिना-वर्ष छापलेलं असेल तर औषध त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत चालतं. १ तारखेलाच खोका भरून फेकायला काढणारे पाहिलेत मी.