आधी तारीख, मग तक्रार

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

बंद पडलेल्या शिलाई मशीनबद्दल ग्राहक आयोगाकडे करायचा तुझा अर्ज वाचला. ‘फसवणूक’, ‘मनस्ताप’, ‘उर्मट वागणूक’, सगळं आहे त्यात. मशीन कधी घेतलं, कधी बंद पडलं, मेकॅनिक कधी येऊन गेला, याचा मात्र पत्ता नाही. ग्राहक आयोगापुढे राग चालत नाही गं, तारीख चालते.

‘शिलाई मशीन धंद्यासाठी घेतलंस, तू ग्राहक नाहीस,’ असं दुकानदार म्हणाला आणि तू गप्प बसलीस! स्वयंरोजगार करून पोट भरण्यासाठीच घेतलेली वस्तू २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा ‘व्यापारी कारणासाठी’ घेतलेली धरत नाही. घरी बसून तू स्वतः ब्लाउज शिवतेस, त्यावर घर चालतं, हे अर्जात स्वच्छ लिही. न लिहिलेलं कुणी समजून का घ्यावं? कंपनी परगावची आहे याचाही घोर नको. तू सोलापुरात राहतेस, तक्रार सोलापूरच्याच जिल्हा आयोगात होते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. तक्रार करायची मुदत २ वर्षांची; ती कुठून मोजायची, हे पुन्हा तारखेवरच येतं.

तेव्हा एक कोरा कागद घे. डावीकडे तारीख, मधे काय घडलं ते, उजवीकडे पुरावा: बिल, वॉरंटी कार्ड, जॉबकार्ड म्हणजे मेकॅनिकनं दिलेली दुरुस्तीची नोंद. जे नुसतं फोनवर बोललीस त्यापुढचा रकाना रिकामा राहील. ते सगळं आता दुकानदाराला नि कंपनीला द्यायच्या नोटिशीत लिही आणि स्पीड पोस्टानं पाठव, पोच जपून ठेव. व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज छापशील तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र जोड, म्हणजे ते मेसेज कोणत्या फोनमधून कसे काढले याचं सहीचं पत्र. आणि तो फोन इतक्यात विकू नकोस.

मला घरात अजून बोलतात, एवढ्याशा मिक्सरसाठी किती हेलपाटे घातले म्हणून. घालणारच. दुकानात तक्रारीचं पत्र दिलं तेव्हा गल्ल्यावरचा माणूस ते ड्रॉवरमध्ये सरकवायला लागला. मी म्हणालो, माझ्या प्रतीवर शिक्का, सही आणि आजची तारीख. मागे गिऱ्हाईकं खोळंबली, तो चिडला, मी हललो नाही. पुढे त्यांचं लेखी उत्तर आलं, की वॉरंटीत तक्रार आलीच नव्हती. तेव्हा त्या शिक्क्याखालची तारीखच कामाला आली. खर्च किती नि मिळालं किती, असा हिशेब मांडणाऱ्यांना पटवायचं मी सोडलंय. पण माझं बरोबरच होतं.

‘काका, तुमच्याइतका वेळ नाही’ हे मला सांगू नकोस. यादीला एक संध्याकाळ पुरते. आयोगाची नोटीस पोचल्यावर तुझ्या दुकानदाराला नि कंपनीला उत्तराला ३० दिवस, फार तर आणखी १५. ते उत्तर आलं की त्यातली एकेक तारीख आपल्या यादीशी ताडून बघू. मधेच तडजोडीचं बोलले तर ऐकून घे, त्यात कमीपणा नाही. पैसे कोणत्या तारखेला देणार, ते तेवढं लिहून घे.

रविवारी ये. अर्ज राहू दे, यादी आण. जॉबकार्डावरची तारीख पुसट झालीय म्हणालीस ना? मग मूळ कार्डच आण, फोटो नको.

तुझा,
काका