नागपुरात साधा ताप किंवा दुखापत झाली तर कुठे दाखवावं?

नोकरीसाठी नागपुरात नवीन आलात, एकटे राहता, आणि ताप आला किंवा पाय मुरगळला तर गल्लीतला डॉक्टर गाठायचा, धंतोली-रामदासपेठेतलं मोठं हॉस्पिटल की सरकारी, असं तुम्ही विचारलंय.

आधी एक शब्दाचा घोळ मिटवतो. इथे कोणी "मेडिकलमध्ये जा" म्हटलं तर कोणत्या, ते विचारून घ्या. औषधाचं दुकानही मेडिकल आणि मेडिकल चौकातलं सरकारी रुग्णालयही मेडिकलच. मी नवीन होतो तेव्हा शेजारच्या काकांनी तसं सांगितलं आणि मी केमिस्टकडून गोळ्या घेऊन परत आलो! मेयो म्हणजे स्टेशनजवळचं दुसरं सरकारी रुग्णालय, आणि एम्स मिहानला, शहराबाहेर.

आता माझाच अनुभव. जिन्यावर पाय मुरगळला, घाबरून थेट एका मोठ्या हॉस्पिटलात गेलो. कोणी घोट्याला हातही लावायच्या आधी एमआरआय लिहून मिळाला. तो न करता घरी आलो. संध्याकाळी वस्तीतल्या डॉक्टरांनी घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांवर मागून बोट दाबलं, पावलाची बाहेरची कड दाबली आणि चार पावलं चालायला लावलं. हाडावर दाबून दुखलं नाही, लंगडत का होईना चालता आलं. म्हणाले, एक्स-रेसुद्धा नको, बर्फ लावा, क्रेप बँडेज बांधा, पाय उंच ठेवा. यातलं काही वेगळं निघालं असतं तर एक्स-रे लागला असता, आणि तोही हाडाच्या साध्या दवाखान्यात निघतो.

तेव्हापासून मी बोर्ड किती मोठा आहे ते बघत नाही. आज मला लागतंय काय, तेवढं बघतो: नुसती तपासणी, टाके, इंजेक्शन की भरती? त्यामुळे पहिलं काम तब्येत ठणठणीत असतानाच करा. घराजवळ एक फॅमिली डॉक्टर धरून ठेवा. पाटीवरची डिग्री वाचा, संध्याकाळी किती वाजेपर्यंत बसतात ते विचारा. सर्दी, पोट बिघडणं, अंगावर पुरळ, दोन दिवसांचा ताप, सगळं तिथेच.

पावसाळ्यानंतरच्या तापाचं मात्र नीट ऐका. डेंग्यूची शंका असेल तर पॅरासिटामॉल चालतं, पण ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन स्वतःच्या मनाने घेऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो. आणि गंमत बघा, ताप उतरला की आपण सुटलो म्हणतो, पण डेंग्यूत पेशंट बिघडतो तो बहुतेक तेव्हाच. ताप उतरताना पोटात जोरात दुखलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं, तर फॅमिली डॉक्टरची वाट न बघता भरतीची सोय असेल तिथे जा.

कुत्रा चावला तर मी खासगीत जातच नाही. नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवायची, हळद-तिखट काही भरायचं नाही, आणि त्याच दिवशी मेयो किंवा मेडिकल. लस तिथे मोफत मिळते. जखम खोल असेल, रक्त आलं असेल, तर लसीसोबत इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं. ते विचारायला लाजू नका. पुढच्या तारखा चुकवू नका, कुत्रा ओळखीचा असला तरी.

तातडी नाही पण तज्ज्ञ हवाय, म्हणजे जुनी गुडघेदुखी, कातडीचा न हटणारा चट्टा, तर सरकारी ओपीडी उत्तम. फक्त सकाळ मोकळी ठेवा आणि जुने कागद सोबत न्या. चिठ्ठीची लाइन, मग डॉक्टरची लाइन, मग औषधाची लाइन. एम्सची वेळ ऑनलाइन घेता येते.

मे महिन्यात उन्हातून आलेला माणूस असंबद्ध बरळायला लागला तर तो उष्माघात समजा. हा तुमच्या प्रश्नातला प्रकार नाही, पण नागपूर आहे, म्हणून सांगून ठेवतो. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि 108 ला फोन करा.

राहिला संक्रांतीचा मांजा. बोट कापलं तर स्वच्छ कापडाने दाबून धरा. रक्त थांबलं की बोट वाकवून बघा, टोकाला स्पर्श कळतो का ते बघा. वाकतंय, कळतंय, तर फॅमिली डॉक्टर टाके आणि धनुर्वाताचं इंजेक्शन देतील. त्याच दिवशी जा, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. वाकत नसेल तर बोट वाकवणारा दोरा (टेंडन), बधिर वाटत असेल तर स्पर्श कळवणारी नस (नर्व्ह) तुटलेली असू शकते, तिथे हाताची शस्त्रक्रिया करणारा सर्जनच लागतो.