प्रश्न पडले म्हणून चर्चच्या मंडळीत यायचं थांबवू नको

दुष्काळात देव कुठं असतो, हा तुझा प्रश्न उद्धट अजिबात नाही. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा माझ्याही मनात तोच होता. फक्त उत्तराची घाई करू नको. आधी बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक सलग वाच; निर्दोष असून सगळं गमावून बसलेल्या माणसाची गोष्ट आहे ती. अध्याय ४२ आहेत. बहुतेक जण सुरुवात आणि शेवट वाचून ‘धीर धरला, दुप्पट मिळालं’ एवढंच सांगतात. खरा ऐवज मधेच आहे. ईयोब थेट देवाला जाब विचारतो आणि मित्र ‘तुझंच काही पाप असेल’ म्हणत देवाची वकिली करतात. ३८व्या अध्यायात देव बोलतो, पण दुःखाचं कारण सांगतच नाही. वर रागावतो तो मित्रांवर! मला हे अजून पुरतं पचलेलं नाही, अन् म्हणूनच त्यावर भरवसा वाटतो.

पाळकांना, म्हणजे आपल्या पास्टरना, जरूर विचार. पण उपासना सुटल्यावर दारातल्या गर्दीत नको. घरी जा, निवांत बस.

आणि हो, ज्याचं सोयाबीन वाळून गेलंय त्याच्या ओट्यावर बसून यातलं काही काढू नको. ईयोबाचे मित्र पहिले सात दिवस गप्प बसले होते, तेवढंच त्यांना नीट जमलं. तू आपला टँकर आला की त्या शेतकऱ्याच्या घरचे हंडे भरू लाग.