पद्मिनी उठताना मागची चाके थडथडतात, तर मागच्या सस्पेन्शनमध्ये काय बदल करावेत?

आपल्या प्रीमियर पद्मिनीला मूळच्यापेक्षा जास्त ताकदीचे इंजिन बसवल्यापासून यवतेश्वरच्या चढावर गाडी उचलताना मागची चाके जागच्या जागी फिरतात आणि मागून थडथड आवाज येतो, असे आपण लिहिले आहे. यावर मागचे पाटे (एकावर एक पोलादी पाती रचलेल्या स्प्रिंगा) मऊ करावेत की कडक, हा आपला प्रश्न आहे. मी साताऱ्यात अशाच मागच्या चाकांवर चालणाऱ्या जुन्या गाड्यांच्या सस्पेन्शनचे काम करतो. माझ्या मते मऊ की कडक हा प्रश्न नंतरचा आहे. आधी ॲक्सलची (मागची दोन्ही चाके जोडणाऱ्या आडव्या भागाची) पिळवट थांबवली पाहिजे.

पाटे मऊ केले की गाडी मागे जास्त बसते आणि त्यामुळे मागच्या चाकांवर जास्त वजन येते, ही समजूत फार पसरलेली आहे, पण ती बरोबर नाही. पद्मिनीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर, २३४० मिलिमीटर आहे. दोन माणसांसह गाडीचे वजन १००० किलो, गुरुत्वमध्याची उंची ५५० मिलिमीटर आणि उठतानाचा वेग-वाढीचा दर गुरुत्वाकर्षणाच्या ०.४ पट धरला, तर पुढून मागे सरकणारे वजन सुमारे ९४ किलो भरते. या हिशेबात स्प्रिंगचा कडकपणा कुठेच येत नाही. ते वजन टायरपर्यंत किती लवकर आणि किती सलग पोहोचते, एवढेच सस्पेन्शनच्या हातात असते, आणि आपल्या गाडीत नेमके तेच बिघडले आहे.

इंजिनाची ताकद चाकांना पुढे फिरवते तेव्हा ॲक्सलचे हाउसिंग (बाहेरचे कवच) उलट दिशेने फिरू पाहते, म्हणजे पिनियनचे (शाफ्टकडून ताकद घेणाऱ्या छोट्या दातेरी चाकाचे) तोंड वर उचलले जाते. पाट्यांच्या गाडीत त्याला अडवायला पाट्यांशिवाय दुसरे काहीच नसते; त्यामुळे ओला पंचा पिळावा तसा पाटा पिळला जातो, त्याचा पुढचा अर्धा भाग वर फुगतो आणि मागचा खाली दबतो. टायरची पकड सुटली की हा पीळ एकदम उलगडतो, पकड पुन्हा आली की पुन्हा बसतो, आणि हेच चक्र वेगाने चालू राहिले की आपल्याला थडथड ऐकू येते. गाडी जॅकवर चढवून, खाली स्टँड लावून पाहिल्यास याच्या खुणा सापडतात. पाट्यांच्या पुढच्या अर्ध्या भागात, दोन पाट्यांच्या मध्ये, गंज निघून लोखंड चकाकत असते. पुढच्या डोळ्यातले (पाट्याच्या टोकाच्या गोल कड्यातले) रबरी बुश एका बाजूने फाटलेले असते. आणि कधी कधी इंजिनाची ताकद मागे नेणारा प्रोपेलर शाफ्ट वरच्या पत्र्याला घासल्याची ताजी रेघही दिसते.

म्हणून पहिले काम अगदी साधे आहे. पुढच्या डोळ्याचे आणि शॅकलचे (पाट्याच्या मागच्या टोकाच्या झुलत्या जोडाचे) बुश नवे घालावेत, ॲक्सल पाट्याला बांधणारे यू-बोल्ट योग्य ताणाने आवळावेत आणि पाती एकत्र धरणारा सेंटर बोल्ट शाबूत आहे ना ते पाहावे. गाडी खाली घेण्यासाठी ॲक्सल आणि पाट्याच्या मध्ये कोणी ठोकळे घातले असतील तर ते काढावेत, कारण त्यांनी पिळणाऱ्या ताकदीला जास्त लांबीची पकड मिळते. हायवेकडेला ट्रक आणि उसाच्या ट्रॉल्यांचे पाटे करणारे कारागीर आपल्याला एक पाटा वाढवायला सांगतील. त्याने पीळ थोडा कमी होतो हे खरे, पण पाटा दोन्ही अंगांनी कडक होतो आणि खडबडीत रस्त्यावर टायर उडू लागतो. त्याच कारागिरांकडून त्याऐवजी एवढेच करून घ्यावे: ॲक्सलच्या पुढे येणाऱ्या पाट्याच्या अर्ध्या भागातल्या, पाती एकत्र बांधणाऱ्या पट्ट्या घट्ट आवळाव्यात आणि मागच्या भागातल्या सैल ठेवाव्यात. असे केले की पुढचा भाग दांडीसारखा ताठ राहतो आणि लवचीकपणाचे काम मागचा भाग करतो. १९६० च्या दशकात अमेरिकेत क्रायस्लरने ड्रॅग रेससाठी (थोड्या अंतराच्या सरळ शर्यतींसाठी) काढलेल्या पाट्यांचे तत्त्व हेच होते, आणि त्यातला उजवा पाटा डाव्यापेक्षा वेगळा असे. त्याचे कारण पुढे येईल.

एवढ्याने भागले नाही, तर ट्रॅक्शन बार. यू-बोल्टच्या खालच्या प्लेटला जोडलेली ही मजबूत दांडी पाट्याखालून पुढे जाते आणि तिच्या टोकाला रबरी ठोकर असते. पिनियन वर जाऊ लागताच ती ठोकर वर टेकते, ॲक्सलचे फिरणे तिथेच थांबते आणि चॅसीला वर ढकलणाऱ्या बळाची प्रतिक्रिया टायरला खाली दाबते. ठोकर बरोबर पुढच्या डोळ्याखाली आली पाहिजे, यावर मी अडून राहतो. ती चार बोटे मागे आली तर मेन पाट्याच्या मध्यावर दाब पडतो आणि पाटा वाकतो किंवा तुटतो.

शॉकअप गळके असतील तर यातले काहीही टिकणार नाही. १९६७ च्या शेव्हरले कॅमॅरोला मागे एकेरी पाटा होता आणि तिची चाके अशीच उड्या मारत. १९६८ मध्ये कंपनीने एक शॉकअप ॲक्सलच्या पुढे आणि एक मागे बसवला, कारण तशा मांडणीत शॉकअप ॲक्सलच्या फिरण्यालाही विरोध करतात. आपल्याकडे त्यासाठी नवे ब्रॅकेट वेल्ड करावे लागतात, म्हणून मी ते शेवटी करतो.

आता उजव्या चाकाविषयी. प्रोपेलर शाफ्टच्या पिळाने ॲक्सलची डावी बाजू दाबली जाते आणि उजवी उचलली जाते. साध्या डिफरन्शियलमध्ये (दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरांमध्ये) हलके झालेले चाक फिरत राहते आणि दुसऱ्यालाही तेवढाच कमी जोर मिळतो. त्यासाठी उजव्या ट्रॅक्शन बारची ठोकर डावीपेक्षा पाट्याच्या थोडी जवळ ठेवावी. पिनियनचे तोंडही उभ्या गाडीत शाफ्टच्या रेषेपेक्षा दोन-तीन अंश खाली असावे, म्हणजे जोर आल्यावर ते सरळ रेषेत येते आणि शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस टिकतो. हा कोन पाटा आणि ॲक्सल यांच्या मध्ये पोलादी पाचर घालून मिळतो. मागे वाळूची पोती टाकण्याचा सल्ला मी देणार नाही, कारण घाट उतरताना ते सगळे वजन ब्रेकवर येते.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला यातले काही लागू नाही. तिथे उठताना वजन चालत्या चाकांवरून निघूनच जाते. इंजिन बदलल्याची नोंद मात्र मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार आरटीओकडे झाली आहे ना, हे पाहून घ्यावे.

एका वेळी एकच बदल करावा. प्रत्येक बदलानंतर मोकळ्या, सपाट जागेत, टायरची हवा दर वेळी सारखी ठेवून गाडी जोरात पुढे काढावी आणि बाजूला सुरक्षित अंतरावर उभ्या असलेल्या माणसाने मागच्या चाकाचे मोबाइलवर संथ गतीचे चित्रीकरण करावे. पुढचा डोळा आणि ॲक्सल यांच्यामधला पाटा फुगताना दिसला नाही, तरच मऊ-कडकचा विचार सुरू करावा.