कोन फिल्टरने पिकअप वाढत नाही, भाऊ

पिकअप वाढावा म्हणून कंपनीचा डबा काढून उघडा कोन फिल्टर (शंकूच्या आकाराचा एअर फिल्टर) लावायच्या भानगडीत पडू नको. आवाज वाढतो म्हणून ताकद वाढल्यासारखी वाटते, पण तो बोनेटखालची गरम हवा ओढतो. हवा 10 अंशांनी तापली की घनता साधारण 3 टक्के घटते, त्याबरोबर थोडी ताकदही जाते. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच 45 अंश! वरून पांदण रस्त्याची धूळ. स्वस्त जाळीतून बारीक माती आत गेली की पिस्टनच्या रिंगा घासतात, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) उतरतं, गाडी ऑइल खाते.

त्यापेक्षा एअर बॉक्स (एअर फिल्टरचा डबा) उघड. कागदी फिल्टर चोंदला असेल तर नवा टाक. कडेचं रबर नीट बसलं का, बोट फिरवून पाहा. पेट्रोल गाडी असेल तर स्पार्क प्लगचा गॅप मॅन्युअलप्रमाणे फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोज. चौथ्या गिअरमध्ये आरपीएम (इंजिनचे फेरे) चढूनही वेग वाढत नसेल, तर क्लच प्लेट घसरते आहे. टर्बो डिझेलमध्ये ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) ट्यूनिंगने ताकद खरंच वाढते, पण ते घरी करायचं काम नाही.