अजस्र प्राण्याच्या पायाशी उभा माणूस

प्रश्न : माझ्या १२ वर्षांच्या मुलाबरोबर मी नुकताच २०२१ सालचा ‘गॉडझिला व्हर्सेस काँग’ घरी पाहिला. हाँगकाँगमधील झुंज सुरू झाली तेव्हा आम्ही दोघेही भान हरपून पाहत होतो. दुसऱ्या दिवशी मात्र चित्रपटातल्या एकाही माणसाचे नाव आम्हाला आठवेना. मुलगा म्हणाला, “बाबा, त्यात माणसं असतातच कशाला?” हे चित्रपट एवढे मोहवतात, तरी मागे काहीच का उरत नाही? मुलाला यांतला कोणता चित्रपट दाखवावा?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपल्या चिरंजीवांनी नेमके वर्मावर बोट ठेवले आहे, म्हणून सुरुवात त्यांच्या प्रश्नापासून करतो. पडद्यावरचा प्राणी किती मोठा आहे, हे आपल्याला त्याच्या पायाशी उभ्या असलेल्या माणसावरून कळते. १९९३ सालच्या ‘ज्युरासिक पार्क’मध्ये टी-रेक्स दिसण्यापूर्वी गाडीत ठेवलेल्या पेल्यातल्या पाण्यावर तरंग उठतात, आणि पावलाचे वजन किती असेल, हे तो पेलाच सांगून टाकतो. उलट कॅमेरा प्राण्याच्या खांद्याशी घिरट्या घालू लागला, की दोन पहिलवान खोक्यांच्या ढिगाऱ्यात लढत असल्यासारखे वाटू लागते.

वजनाचा संबंध वेगाशीही आहे. २ मीटर उंचीवरून पडलेली वीट सुमारे ०.६ सेकंदात जमिनीवर येते, तर ५० मीटरवरून पडायला तिला ३ सेकंदांहून अधिक वेळ लागतो. म्हणून प्राणी जितका मोठा, तितकी त्याची हालचाल पडद्यावर संथ दिसायला हवी. गॉडझिलाच्या १९५४ सालच्या मूळ जपानी चित्रपटातला प्राणी ५० मीटर उंच कल्पिलेला होता. प्रत्यक्षात हारुओ नाकाजिमा हे अभिनेते सुमारे १०० किलो वजनाचा रबरी पोशाख घालून, लहान आकारात उभारलेल्या टोकियोतून चालत होते. विशेष दृश्यांचे प्रमुख एइजी त्सुबुराया यांनी कॅमेरा नेहमीपेक्षा जास्त वेगाने चालवून हे चित्रीकरण केले, त्यामुळे ते नेहमीच्या वेगाने दाखवल्यावर पडद्यावर पाऊल संथ पडते आणि भिंत सावकाश ढासळते. आज संगणकाला काहीही अशक्य नाही. तरीही प्राणी मांजरासारखे चपळ उड्या मारतात आणि त्या चपळाईत त्यांचे वजन हरवते.

परंतु या चित्रपटांची खरी ओढ भीतीला रूप मिळण्यात आहे, असे माझे मत आहे. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली आणि ‘दाइगो फुकुर्यू मारू’ या जपानी मासेमारी नौकेवरील २३ जणांच्या अंगावर किरणोत्सारी राख पडली. त्यांच्यातील रेडिओचालक सप्टेंबरमध्ये मरण पावले आणि ३ नोव्हेंबरला ‘गोजिरा’, म्हणजे तोच मूळ गॉडझिलापट, प्रदर्शित झाला. (मराठी कानाला हे नाव फसवे वाटेल, पण ते गोरिला आणि कुजिरा, म्हणजे देवमासा, या शब्दांच्या जोडणीतून झाले आहे.) चित्रपटाच्या आरंभी जहाजावर खलाशी निवांत गाणे-बजावणे करत बसले आहेत, तेवढ्यात समुद्रातून डोळे दिपवणारा प्रकाश येतो आणि जहाज बुडते. तो प्रकाश काय आहे, हे त्या वेळच्या जपानी प्रेक्षकाला कोणी सांगावे लागले नसेल. पुढे टोकियोतल्या जळत्या गिन्झा भागात एक आई मुलांना कवटाळून बसते आणि आता आपण लवकरच बाबांकडे जाऊ, असे त्यांना समजावते. दिग्दर्शक इशिरो होंडा यांनी ही आई दाखवली, दुसऱ्या दिवशीचे जखमींनी भरलेले रुग्णालय दाखवले, आणि म्हणून आधीचा विध्वंस आपल्या मनात राहतो.

आपण पाहिलेल्या चित्रपटात नेमके हेच नाही. त्यात गगनचुंबी इमारती धडाधड कोसळतात, पण त्यांत राहणारे एकही माणूस आपल्या ओळखीचे झालेले नसते. मुख्य पात्रांच्या वाट्याला बरेचदा पुढचे कथानक एकमेकांना समजावून सांगण्याचे काम येते. तरीही त्या झुंजीत आपण रमलात, याबद्दल मनाला लावून घेऊ नये. प्रचंड वस्तू पाहून छाती दडपण्याचा आनंद खरा आहे आणि मलाही तो हवा असतो. माझी तक्रार एवढीच, की करोडो डॉलर खर्चणारे एका आईसाठी दोन मिनिटेही काढत नाहीत.

ती मिनिटे काढता येतात, हे ताकाशी यामाझाकी यांच्या २०२३ सालच्या ‘गॉडझिला मायनस वन’ने दाखवले. त्यातली ६१० विशेष दृश्ये अवघ्या ३५ कलावंतांच्या चमूने केली आणि २०२४ साली त्यांना ऑस्कर मिळाले. पण लक्षात राहतो तो मरणाला भिऊन माघारी आलेला आणि ती लाज उराशी घेऊन जगणारा वैमानिक. चिरंजीवांना आधी हा चित्रपट दाखवावा. तो आवडला तर १९५४ सालचा कृष्णधवल चित्रपट मूळ जपानीतच, उपशीर्षकांसह लावावा, कारण १९५६ सालच्या अमेरिकी आवृत्तीत मूळ चित्रपट कापून त्यात एक अमेरिकी वार्ताहर घुसवला आहे. रुग्णालयाचे दृश्य सुरू होईल तेव्हा आपण मुलाच्या शेजारीच बसावे.