सहा वर्षांच्या मुलाला न मारता शिस्त कशी लावायची?

ताई, तुम्ही लिहिलंय की मोबाईल काढून घेतला की मुलगा आदळआपट करतो, परवा तुमचा हात उठला आणि तेव्हापासून मनाला चैन नाही. सासूबाई म्हणतात, आम्ही फटके देऊनच वाढवली मुलं, काय बिघडलं? मी दोन मुलांची आई आहे, अकरा वर्षं बालवाडीत शिकवते, आणि हात माझाही उठलेला आहे. म्हणून आधी तेच सांगते.

माझी मुलगी दुसरीत होती. तिच्या हातून वहीवर पाणी सांडलं. सकाळची घाई, रिक्षावाले काका खाली हॉर्न वाजवतायत, मी तिला एक चापट मारली. पुढे दिवाळीची साफसफाई करताना पिठाच्या डब्यामागे कागदाच्या दोन घड्या सापडल्या. अंगठ्याएवढ्या बारीक. एक गणिताची चाचणी, दहापैकी तीन गुण. दुसरी बाईंची चिठ्ठी, मला भेटायला बोलावलेलं. मी तिला हाक मारली, घड्या दाखवल्या. तिने आधी गालावर हात धरला आणि मग बोलायला लागली. पाणी जपून ठेवायला ती त्या चापटीतून शिकली नव्हतीच. आईपासून काय लपवायचं, तेवढं शिकली होती.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं: भांडण पेटलेलं असताना शिस्त लागत नाही. रडून लालबुंद झालेल्या मुलाच्या कानात शब्द शिरत नाहीत, तुम्ही प्रेमाने सांगा नाहीतर ओरडून. तेव्हा फक्त जवळ बसायचं. तो हात उगारत असेल तर मनगट हलकेच धरायचं, ‘मारू देणार नाही’ एवढंच म्हणायचं आणि थांबायचं. नियम ठरवायचे ते त्याचं पोट भरलेलं असताना, दोघंही शांत असताना.

मोबाईलचंच घ्या. रविवारी सकाळी त्याला जवळ घेऊन ठरवा: संध्याकाळी सात ते साडेसात. भिंतीवरच्या घड्याळात मोठा काटा सहावर आला की बंद. सहा वर्षांच्या मुलाला ‘अर्धा तास’ कळत नाही, काटा दिसतो. पाच मिनिटं आधी जवळ जाऊन, खांद्यावर हात ठेवून सांगा. स्वयंपाकघरातून ओरडू नका. आणि मोबाईल हिसकावू नका, त्यालाच बंद करून तुमच्या हातात द्यायला सांगा. बंद केल्यावर लगेच हाताला काहीतरी काम हवं: कणकेचा गोळा, ताटं मांडणं, मटार सोलणं. पहिले चार-पाच दिवस तो जास्तच रडेल, कारण आजवर रडल्यावर कधीतरी मोबाईल परत मिळालाय. त्या दिवसांत एकदाही ‘बरं, पाचच मिनिटं’ म्हणू नका. सगळी परीक्षा तिथेच आहे, आणि ती आपली आहे.

एक आठवडा त्याच्या आदळआपटीची वेळही लिहून ठेवा. माझ्या धाकट्याची सगळी भांडणं साडेसहा ते साडेसातमध्ये व्हायची. दुपारी शाळेतून आल्यावर दोन घास खाल्लेले, त्यानंतर थेट रात्रीचं जेवण. सहा वाजता थालीपीठ किंवा दूध-पोहे द्यायला लागले आणि निम्मी भांडणं आपोआप गेली. आम्ही त्याला हट्टी म्हणत होतो, तो भुकेला होता.

चूक झाली तर भरपाई त्या चुकीशी जुळणारी असावी. दूध सांडलं तर फडकं त्याच्या हातात द्यायचं. बहिणीचं चित्र फाडलं तर चिकटपट्टी घेऊन बसायचं. दूध सांडलं म्हणून संध्याकाळी खेळायला जायचं नाही, यातून मुलाला फक्त आपला राग कळतो. ‘पोलिसाला देईन’, ‘तुला सोडून जाईन’ असलं काही तर अजिबात नको. घर सुटण्याची भीती मुलाच्या मनातून लवकर जात नाही.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांनी मुलं वाढवली ती मायेनेच, हे आधी मान्य करा. पण त्यांच्या कानावर एवढं जरूर घाला की न मारता शिकवणं हे काही आजचं खूळ नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला आदिवासी आणि गरीब मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं. पुढे सहकारी अनुताई वाघांना सोबत घेऊन जवळच्या कोसबाडला ते वाढवलं. मारून नव्हे, मुलांच्या कलाने शिकवायचं, हीच त्या कामाची रीत होती. आणि २००९च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ने शाळेत मुलांना मारायला आणि मानसिक त्रास द्यायला बंदी घातली आहे. बाईंनी मारलं तर आपण शाळेत जाऊन जाब विचारू, मग घरात ते कसं चालेल? सासूबाईंना एक काम मात्र सोपवा: साडेसातनंतरची गोष्ट आजीने सांगायची. आमच्याकडे आजी नियमाच्या बाजूने आली ती अशीच.

तो स्वतःला किंवा दुसऱ्या मुलांना वारंवार इजा करत असेल, शाळेतूनही तशाच तक्रारी येत असतील, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना एकदा दाखवा. त्यात कमीपणा नाही.

आणि परवाच्या फटक्याबद्दल आज रात्री अंथरुणावर पडल्यावर त्याच्याशी बोला. ‘परवा मी तुला मारलं, ते माझं चुकलं. पुन्हा मारणार नाही. मोबाईल मात्र साडेसातला बंदच होणार.’ हे सगळं एका दमात, एकाच आवाजात म्हणा. माझ्या मुलीला मी असं म्हटलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, ‘आई, शाळेच्या दप्तरात अजून एक चिठ्ठी आहे.’